ठोक्यांना विचारलेला प्रश्न

पोटातल्या बाळाच्या काळजाचे ठोके मिनिटाला १४० च्या वर असले तर मुलगी, खाली असले तर मुलगा, असा एक ठोकताळा घरोघरी ऐकू येतो. मुखेडसारख्या तालुक्याच्या गावी सून दवाखान्यातून तपासणी करून आली की तिच्या कार्डावरचा हाच आकडा आधी विचारला जातो. ‘कित्ते आए?’ एकशेबावन्न म्हटले की सासूबाई ‘अल्ला की मर्जी’ म्हणून गप्प होतात. एकशेछत्तीस म्हटले की चहात साखर जरा जास्त पडते. रक्त किती भरले, वजन वाढले का, रक्तदाब कसा आहे, हेही त्याच कार्डावर लिहिलेले असते. ते विचारायचे बहुधा राहून जाते.

या ठोकताळ्यात काडीचेही तथ्य नाही. सहाव्या आठवड्याच्या सुमारास ठोके दिसू लागतात तेव्हा त्यांची गती शंभर-सव्वाशेच्या आसपास असते. नवव्या आठवड्याच्या सुमारास ती एकशेसत्तरच्या घरात जाते आणि मग हळूहळू उतरते. दिवस भरत आले की साधारण ११० ते १६० ही गती ठीक मानतात. बाळ शांत झोपले असेल तर ठोके कमी, हालचाल करीत असेल तर जास्त. म्हणजे हा नियम खरा धरला तर एकच बाळ तिसऱ्या महिन्यात मुलगी असते, आठव्या महिन्यात झोपेत मुलगा होते आणि कूस बदलली की पुन्हा मुलगी! मूल मुलगा की मुलगी हे गर्भ राहतो त्याच क्षणी ठरते, आणि ते ठरते बापाच्या बीजावरून. तरीही ‘हिने मुलीच दिल्या’ हे वाक्य आईच्याच वाट्याला येते.

मग हा ठोकताळा टिकतो कसा? सोपे आहे. डोळे मिटून काहीही सांगितले तरी दोनांतले एक खरे ठरतेच. खरे ठरले त्याची गोष्ट होते, ती गल्लीभर फिरते. खोटे ठरले की ‘सिस्टरने नीट मोजले नसेल’ म्हणून विषय संपतो.

पण मला खरा प्रश्न पुढचा वाटतो. एखादी समजूत खोटी आहे, म्हणून ती निरुपद्रवीही आहे काय? बायकांची करमणूक आहे, कोणाचे काय बिघडते, असे सुशिक्षित माणसेही म्हणतात. ज्या सुनेला एकशेबावन्न ऐकून चार महिने घरातला अबोला सोसावा लागला, तिचे काय बिघडले ते तिला विचारा. जिला ‘लडका हैच’ म्हणून आधीच मुबारकबाद मिळाली आणि नंतर मुलगी झाली, ती तर दोनदा गुन्हेगार ठरते. अंदाज खोटा असतो, पण त्याने दिलेले दुःख खोटे नसते.

गर्भलिंगनिदानावर कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य. तो कायदा १९८८ चा. केंद्राचा १९९४ साली झाला, १९९६ पासून लागू झाला आणि २००३ साली अधिक कडक झाला. गर्भाचे लिंग शब्दाने, खुणेने किंवा अन्य कोणत्याही रीतीने सांगू नये, असे त्यात आहे. एवढे असूनही २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे मुली होत्या ८०७, आणि २०१२ साली परळीतल्या एका दवाखान्यात गर्भपाताच्या वेळी एक बाई दगावली तेव्हा तिथला व्यवहार उघड झाला. आजीबाईंचा हिशेब आणि ते यंत्र एकाच पारड्यात घालावे असे मी म्हणत नाही. परंतु यंत्रापुढे रांग लावणारी माणसे आभाळातून पडलेली नव्हती. जो प्रश्न घरी ठोक्यांना विचारला जात होता, तोच घेऊन ती तिथे गेली होती.

२०२० साली इंदुरीकर महाराजांच्या सम-विषम तिथीच्या विधानावरून प्रकरण संगमनेरच्या कोर्टात गेले, तेव्हा आपल्यातले काही जण हसले. ‘आपल्यात असले काही चालत नाही, आपल्यात गर्भही पाडत नाहीत,’ असेही ऐकू आले. आकडे थोडेफार या म्हणण्याच्या बाजूने आहेत, हे मान्य करतो. २००१ च्या जनगणनेत देशभरात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे ९२७ मुली होत्या, मुसलमानांत ९५०. पण मुलीला मारले नाही, एवढ्यावर तिचे स्वागत झाले असे मानायचे का? सूरह नहलमध्ये मुलीची खबर ऐकून चेहरा काळवंडलेल्या बापाचे वर्णन आहे. त्याने अजून काही केलेले नाही. तो लोकांपासून तोंड लपवतो आहे आणि काय करावे याचा विचार करतो आहे. दोष तिथूनच मोजायला सुरुवात झाली आहे. आणि इम्रानच्या बीबीची हकीकत तर आपण मुलांना सांगतो. पोटातले मूल तिने अल्लाहच्या सेवेला वाहिले, आणि झाली मुलगी. ती मुलगी म्हणजे हजरत मरियम. खुद्द पैगंबरसाहेबांचे मुलगे बालपणीच गेले. वंश चालला तो बीबी फातिमांकडून. सय्यद म्हणून मिरवणारी आपली घराणी वंशावळ वाचत मागे गेली, तर एका मुलीपाशीच पोचतात. हे आपल्याला पाठ आहे, आणि तरी कार्डावरचा आकडा पाहून चेहरे उतरतात.

या साऱ्यात एक साधी गोष्ट कोणी सांगत नाही. नर्सबाई पोटाला डॉपलर लावते ती वेगळेच ऐकायला. बाळाला प्राणवायू नीट मिळतो आहे का, कळांच्या वेळी त्याला त्रास होत नाही ना, याचा अंदाज तिला त्या आवाजातून घ्यायचा असतो. ठोके ११० च्या खाली उतरून तिथेच राहिले तर तो धोक्याचा इशारा असतो. आईला कुशीवर वळवायचे, डॉक्टरांना बोलवायचे, वेळ पडली तर १०८ ची गाडी मागवून नांदेड गाठायचे. अशा वेळी बाहेरच्या बाकड्यावर बसलेल्या घरच्यांच्या कानावर ‘ठोके कमी झालेत’ एवढेच पडते, आणि त्यांतली एखादी बाई शेजारणीच्या कानात हळूच सांगते, ‘देखना, लडका हैच.’