क्षेम कोणी वाहायचं?

"देव शे ना, तो पाही लेई."

देव आहे ना, तो पाहून घेईल. सोनगीरच्या तांबटांच्या वस्तीत एका माउलीने अहिराणीत हे मला ऐकवलं तेव्हा मी तिशीत होते. पोस्टाच्या महिला प्रधान योजनेची एजंट म्हणून नुकती फिरायला लागले होते. पिशवीत आवर्ती ठेवीची पासबुकं, हातात पेन. तिच्या ओट्यावर मोडीत काढलेला हंडा पडला होता, नवरा आत ठोके घालत होता. महिन्याला पन्नास रुपये टाक, पाच वर्षांनी एकरकमी हातात येतील, असं मी तिला समजावत होते. ती हसली आणि वर बोट करून ते वाक्य बोलली. तिच्या स्वरात टाळाटाळ नव्हती. तिची खरीच श्रद्धा होती.

मला उत्तर सुचलं नाही. मीही एकादशी धरणारी, रोज दिवा लावणारी बाई. उद्यासाठी पैसे ठेवायला सांगणं म्हणजे देवावर भरवसा ठेवू नकोस असं सांगणं आहे का? ही टोचणी पुढे तीस वर्षं माझ्याबरोबर गल्लोगल्ली फिरली. आता मी स्वतः साठी ओलांडली आहे. काम दुसरीच्या हाती दिलं आहे आणि प्रश्न माझ्याच दारात आला आहे.

आमच्या घरचा धंदा भांड्यांचा. धुळ्याहून आग्रा रोडने शिरपूरकडे जाताना किल्ल्याची टेकडी दिसली की सोनगीर आलं. इथली तांब्यापितळेची भांडी एके काळी खानदेशभर लग्नाच्या रुखवतात असायची. स्टील आलं, प्लास्टिक आलं आणि एकेक ऐरण गप्प झाली. तांबटाला निवृत्तीची तारीख नसते. आधी खांदा जातो, मग कान, मग ठोका चुकायला लागतो. माझे सासरे घागर घडवायचे ते मी जवळ बसून पाहिलं आहे. खालचा भाग वेगळा, वरचा वेगळा, मग दोन्ही झाळून जोडायचे आणि सबंध अंगावर एकाला लागून एक ठोका. ठोक्याने पत्रा घट्ट होतो, चमक येते. सत्तरी उलटल्यावर एका सकाळी त्यांचा ठोका ठोक्यावर पडला आणि पत्रा फाटला. त्यांनी हातोडी खाली ठेवली. पुन्हा उचलली नाही.

त्यांची पेन्शन म्हणजे माळ्यावरच्या सहा घागरी. अडीनडीला एक खाली उतरायची. पण मोडीला घातली की वजनाचे पैसे मिळतात, घडाई मिळत नाही. दोन दोन दिवसांचे ते ठोके काट्यावर चढत नाहीत. सासरे काट्याकडे पाहायचे नाहीत, बाहेर जाऊन उभे राहायचे. मुदतीआधी ठेव मोडायला कोणी आलं की मला तेच आठवायचं. मुद्दल मिळतं, इतक्या महिन्यांचं व्याज बरंचसं जातं.

मला पहिलं उत्तर मिळालं ते एका शब्दात. योगक्षेम. आयुर्विमा महामंडळाच्या कागदावर दिव्याला दोन हातांचा आडोसा असतो आणि खाली हाच शब्द असतो. तो गीतेच्या नवव्या अध्यायातला. अनन्यभावाने भजणाऱ्याचा योगक्षेम मी वाहतो, असं भगवंत सांगतात. म्हणजे ती माउली चुकीचं बोलत नव्हती. पण या शब्दाचे दोन तुकडे आहेत. शंकराचार्यांच्या भाष्यात त्यांचा अर्थ उघड आहे : नसलेलं मिळवणं तो योग, मिळालेलं राखणं तो क्षेम. हे कळल्यावर मी थबकले. आयुष्यभर माणूस योगामागे पळतो. हात थांबले की योग संपतो आणि पुढची वीसपंचवीस वर्षं फक्त क्षेम उरतो. आणि क्षेमाची सवय आपण स्वतःला कधी लावलेलीच नसते.

आमच्यापासून वीसेक किलोमीटरवर धुळ्याचा तुरुंग आहे. १९३२ साली २१ फेब्रुवारी ते १९ जून, दर रविवारी एक, अशी अठरा प्रवचनं विनोबांनी तिथे दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. 'गीता प्रवचने' हे पुस्तक आमच्या जिल्ह्यातल्या बराकीत जन्मलं, याचा मला अभिमान आहे. ऐकणाऱ्यांत जमनालाल बजाज होते. मला हे चित्र फार बोलकं वाटतं. सांगणारा अंगावरच्या पंच्याखेरीज काही न बाळगणारा, आणि समोर वर्ध्याचा व्यापारी, ज्याच्या पेढीच्या आधारावर त्याच सांगणाऱ्याचा वर्ध्याचा आश्रम उभा राहिला होता. विनोबांचा योगक्षेम देवाने वाहिला यात मला शंका नाही. त्याने तो एका माणसाच्या खतावणीतून वाहिला. देव पैसे पाठवतो तेव्हा ते कोणाच्या तरी घामातून, कोणाच्या तरी हिशेबातून येतात. मग माझ्या म्हातारपणाचा भार तो कोणाच्या खांद्यावर टाकणार आहे, हे विचारणं माझं कर्तव्य ठरतं. सुरतेला पॉवरलूमवर बारा बारा तास उभ्या राहणाऱ्या माझ्या मुलाच्या खांद्यावर? त्याच्याही दोन पोरी आहेत.

दुसरी गोष्ट बृहदारण्यकातली. याज्ञवल्क्य घर सोडून निघाले, तेव्हा मैत्रेयीला म्हणाले की तुझी आणि कात्यायनीची वाटणी करून देतो. मैत्रेयीने विचारलं, सगळी पृथ्वी धनाने भरून दिली तरी मी अमर होईन का? त्यांनी सांगितलं, धनवंतांचं आयुष्य जसं जातं तसं तुझं जाईल, अमरत्वाची आशा धनात नाही. कीर्तनात ही गोष्ट इथे संपते, टाळ वाजतो. मी मात्र दर वेळी कात्यायनीपाशी थांबते. तिने प्रश्न विचारला नाही, तिच्या वाट्याला घर, गोठा आला असेल. एवढा ब्रह्मज्ञानी पुरुषही वाटणी केल्याशिवाय निघाला नाही. जग सोडण्याची भाषा बोलण्याआधी त्याला मागच्याच्या जेवणाची सोय लावावीशी वाटली. वानप्रस्थाचा हा भाग आपण विसरलो. शास्त्राने सांगितलं की केस पिकले, नातवंडाचं तोंड पाहिलं की मोह सोडावा. मोह सोडावा, व्यवस्था सोडू नये.

हे मी पुस्तकी बोलत नाही. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांना रस्त्यात जमीन गेल्याचा मोबदला मिळाला. त्यांना वैराग्य आलं होतं, खरंच आलं होतं. माळ घातली, सगळी रक्कम आणि घर मुलांच्या नावे केलं, स्वतःकडे एक कवडी ठेवली नाही. मी त्यांच्या पाया पडून सांगितलं होतं, बाबा, निम्मे तरी पोस्टात ठेवा. ते म्हणाले, लेकी, आता मोकळा झालो. तीन वर्षांनी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी ते सुनेकडे चार वेळा तोंड उघडून गप्प बसले. ती सून वाईट नव्हती. तिच्याकडे पैसे नव्हते, घर बांधण्यात गेले होते. बाबांचं वैराग्य दुसऱ्या बाईने तिच्या ओढाताणीतून फेडलं. मी तेव्हा आणखी आग्रह करायला हवा होता, हे मला अजून खुपतं.

२००७ सालच्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात सोय आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ झाला नाही, तर ते हस्तांतर रद्द करून मागता येतं. अट कागदावर लिहिलेली असली की हात बळकट होतो. बाबांच्या बक्षीसपत्रात ती ओळ नव्हती.

आमचा स्वतःचा हिशेब सांगते, कारण हिशेब लपवून उपदेश करू नये. दोघांचा महिन्याचा खर्च चौदा हजार. कमिशनमधून साठवलेले आणि भट्टी विकून आलेले मिळून नऊ लाख पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक योजनेत आहेत. ८.२ टक्क्यांनी दर तिमाहीला १८,४५० रुपये येतात, म्हणजे महिन्याला ६,१५०. बाकी पुढच्या खोलीचं भाडं आणि यांचं कल्हईचं थोडं काम. आज भागतं. पण ७२ ला महागाईच्या टक्क्याने भागलं की किमती किती वर्षांत दुप्पट होतील ते कळतं. सहा टक्के धरले तर बारा वर्षं. आजचे चौदा हजार माझ्या पंच्याहत्तरीनंतर अठ्ठावीस हजार होतील आणि व्याज तेवढंच राहील. म्हणून दर तिमाहीतले दोन हजार मी पुन्हा ठेवीत टाकते. हे पाहून शेजारीण म्हणते, इतकी भीती कशाला?

तिचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. कारण दुसरीही माणसं मी पाहिली आहेत. एक म्हातारी गेली तेव्हा तिच्या पेटीत एकोणीस पासबुकं निघाली आणि अंगावर ठिगळाचं लुगडं होतं. तिने कधी बायपासवरच्या हॉटेलात चहासुद्धा घेतला नव्हता. तिला देवाचाही भरवसा नव्हता आणि पैशाचाही. पैसा राखता राखता तिने स्वतःला राखलंच नाही, याला मी क्षेम म्हणत नाही. म्हणून आम्ही ठरवलं आहे : कानबाईच्या सणाला, रोटांना मुलगा, सून, नाती घरी येतात, त्या आठवड्यात खर्चाची वही मी उघडत नाही. आणि दर वर्षी एक घागर कोणाला तरी देऊन टाकते. सासऱ्यांच्या शेवटच्या दोन उरल्या आहेत. एक थोरल्या नातीची.

त्या ओट्यावरच्या माउलीने पुढे पन्नास रुपयांचं खातं उघडलं, साठ हप्ते भरले, एकही चुकवला नाही. पैसे घेताना तिने पासबुक कपाळाला लावलं आणि पुन्हा वर बोट दाखवलं. या वेळी मीही तिच्याबरोबर वर पाहिलं.

वाचणाऱ्यांना एवढीच विनंती, आज संध्याकाळी दिवा लावल्यावर घरातली पासबुकं बाहेर काढा. प्रत्येकावर नॉमिनीचं नाव आहे का ते पाहा, आणि ते माणूस हयात आहे का तेही पाहा. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, त्याने वारसांसाठी पैसे ताब्यात घ्यायचे असतात, म्हणून मृत्युपत्र वेगळं लिहा. साधा कागद चालतो, तुमची सही आणि दोन साक्षीदार लागतात. नवराबायकोने एकमेकांसमोर बसून लिहा.