अरुंधती दिसली असं कधी म्हणावं?

दुसऱ्याने पाहिलेली गोष्ट मी पाहिली, असं मला म्हणता येईल का? कोर्टात साक्षीदाराला विचारलं तर उत्तर एका शब्दात मिळेल. धर्मात ते इतक्या लवकर मिळत नाही, कारण आपण ज्यावर श्रद्धा ठेवतो त्यातलं बरंचसं आपल्याआधी कुणीतरी पाहिलेलं, ऐकलेलं, अनुभवलेलं असतं. आकाशाचंही तसंच. एखाद्या दीर्घिकेचा देखणा फोटो समोर आला की आपण सहज म्हणून जातो, 'काल मी ती दीर्घिका पाहिली.' खरंच पाहिली का?

मी वाईत भिक्षुकी करतो, आणि अंधाऱ्या रात्री आठ इंची दुर्बीण घेऊन धोमच्या जलाशयाकडे जातो. दिवसा मांडवात आणि रात्री दुर्बिणीपाशी, दोन्हीकडे माझं काम एकच असतं: लोकांना काहीतरी दाखवणं. त्यामुळे दाखवण्याचा आणि पाहण्याचा संबंध काय, हा प्रश्न माझ्या पोटापाण्याशी जोडलेला आहे.

सप्तपदी झाल्यावर वधूवरांना ध्रुव आणि अरुंधती दाखवण्याचा विधी आहे. मुळात तो सूर्यास्तानंतरचा. आता मुहूर्त दुपारी साडेबाराचा असतो आणि कार्यालय संध्याकाळच्या आत रिकामं करून द्यायचं असतं. म्हणून भर दुपारी छताकडे बोट दाखवलं जातं आणि दोघं 'दिसली' म्हणतात. एका लग्नात नवऱ्या मुलीने मला हळूच विचारलं, "गुरुजी, मला काहीच दिसत नाहीये. अग्नीसमोर बसून खोटं कशी बोलू?"

तिच्या प्रश्नाला शास्त्राचा आधार काढून गप्प करणं सोपं होतं. पारस्कर गृह्यसूत्रात ध्रुवदर्शनाबद्दल स्पष्ट सांगितलं आहे की वधूला तारा दिसला नाही तरी तिने 'पाहते' असंच म्हणावं. पण त्या सूचनेने माझंच समाधान होत नव्हतं. सत्याला एवढा मान देणारी परंपरा नव्या संसाराच्या पहिल्याच दिवशी न पाहिलेलं पाहिलं म्हणायला का लावील? मी तिला म्हटलं, "आज 'पाहते' म्हणा आणि रात्री गच्चीवर जाऊन खरंच पाहा. तुमचं हे बोलणं साक्ष नाही, संकल्प आहे." आजही मी हेच सांगतो. मात्र या उत्तराचा पूर्ण अर्थ मला मांडवात कळला नाही. तो आकाशाकडे आणि आकाशाच्या फोटोंकडे पाहता पाहता कळत गेला.

मे महिन्यात, म्हणजे ऐन लग्नसराईत, रात्री दहाच्या सुमारास वाईतून उत्तरेला पाहिलं की सप्तर्षी डोंगराच्या बरेच वर आलेले असतात. चौकोनाला जोडलेल्या तीन ताऱ्यांमधला मधला तो वसिष्ठ. त्याला अगदी लागून, चंद्रबिंबाच्या निम्म्याहून कमी अंतरावर, त्याच्यापेक्षा सुमारे सहापट मंद असा ठिपका म्हणजे अरुंधती. नवख्या माणसाला ती एकदम सापडत नाही. म्हणून आधी ठळक वसिष्ठ दाखवायचा, नजर तिथे स्थिरावली की म्हणायचं, 'आता त्याच्या शेजारी पाहा.' दाखवण्याची ही रीत आपल्या दर्शनकारांना फार जवळची वाटली. तिचा न्यायच झाला. ब्रह्मसूत्रांवरच्या भाष्यात पहिल्याच पादात शंकराचार्य तो दृष्टांत घेतात: अरुंधती दाखवू पाहणारा आधी जवळच्या मोठ्या ताऱ्यालाच अरुंधती म्हणतो, मग ते सोडायला लावून खरी अरुंधती दाखवतो. स्थूलाकडून सूक्ष्माकडे जायचं, आणि सूक्ष्म हाती आलं की स्थूल सोडायचं.

दुर्बिणीपाशी मात्र मला या दृष्टांताचा दुसरा अर्धा भाग अडतो. वसिष्ठावर दुर्बीण लावली की तो एक तारा राहत नाही. दोन तारे शेजारी शेजारी स्वच्छ दिसतात. वसिष्ठ आणि अरुंधती यांच्या मधल्या जागेत आणखी एक मंद तारा दिसतो. १७२२मध्ये जर्मनीतल्या लीबक्नेश्ट यांना तो नवा ग्रह वाटला होता आणि त्यांनी त्याला आपल्या राजाचं नावही दिलं. तो ग्रह नाही. वसिष्ठ आणि अरुंधती आपल्यापासून सुमारे ८० प्रकाशवर्षांवर आहेत, आणि हा तारा त्यांच्या कितीतरी मागे आहे. डोळ्याला जे एकत्र दिसतं ते एकत्र असेलच असं नाही, हे त्या एवढ्याशा जागेत शिकायला मिळतं.

पुढचं काम फोटोने केलं. १८५७मध्ये हार्वर्डच्या वेधशाळेत जॉर्ज बाँड यांनी ओल्या कलोडियनच्या काचेवर वसिष्ठ आणि अरुंधतीचा फोटो घेतला. जोडताऱ्याचा तो पहिला फोटो. पुढे तिथेच ताऱ्यांच्या वर्णपटांचे फोटो घेतले जाऊ लागले. एडवर्ड पिकरिंग यांना दिसलं की वसिष्ठाच्या दोन ताऱ्यांपैकी ठळक ताऱ्याच्या वर्णपटातली रेघ कधी एकेरी असते, कधी दुहेरी. १८८९मध्ये त्यांनी त्याचा अर्थ जाहीर केला: तो एक तारा म्हणजेही दोन तारे आहेत. एक आपल्याकडे येत असतो तेव्हा दुसरा दूर जात असतो, म्हणून रेघ दुभंगते. साडेवीस दिवसांत ते एकमेकांभोवती फेरी पुरी करतात. काचांवरच्या त्या रेघा अँटोनिया मोरी यांनी बारकाईने अभ्यासल्या. नंतर दुसरा मंद तारादेखील असाच दुहेरी निघाला. आणि २००९मध्ये कळलं की अरुंधतीलाही एक लहानसा लाल सोबती आहे. लहानपणी माझ्या आजीने अंगणात दाखवलेली दोन माणसं आता सहा झाली आहेत.

म्हणजे आजीने दाखवलं ते खोटं होतं का? मला तसं मुळीच वाटत नाही. सहा तारे कळल्यावर वसिष्ठाला आकाशातून काढून टाकावं लागत नाही. तो तिथेच असतो, आणि अरुंधती शोधायला आजही त्याच्यापासूनच सुरुवात करावी लागते. आचार्यांचा युक्तिवाद वेगळ्या प्रश्नासाठी होता, त्या जागी तो योग्यच आहे. पण आकाशाने मला जे शिकवलं ते असं की पुढची पायरी चढताना मागची फोडावी लागत नाही. पंढरीच्या वाटेवरच्या लोकांनीही हेच जगून दाखवलं. निर्गुण कळलं म्हणून त्यांनी विटेवरची मूर्ती टाकून दिली नाही.

तरीही दुर्बिणीपाशी लोक नाराज होतात. सप्तर्षींच्या शेवटच्या ताऱ्याजवळ, मरीचीजवळ, एक भोवऱ्यासारखी दीर्घिका आहे, एम ५१. सुमारे ३ कोटी प्रकाशवर्षांवर. माझ्या दुर्बिणीतून ती दोन धुरकट ठिपक्यांएवढी दिसते. "फोटोत तर किती रंग असतात!" असं मला नेहमी ऐकावं लागतं. मी त्यांना सांगतो की १८४५मध्ये आयर्लंडमध्ये लॉर्ड रॉस यांनी सहा फूट व्यासाच्या आरशाच्या दुर्बिणीतून हिचे वळलेले फाटे पहिल्यांदा ओळखले आणि हाताने रेखाटले. मंद उजेडात आपल्या डोळ्याला रंग कळत नाहीत, आणि डोळा प्रकाश साठवून ठेवत नाही. कॅमेरा साठवतो. म्हणून फोटोतले रंग आपल्याला अपरिचित वाटतात, पण तेवढ्याने ते खोटे ठरत नाहीत.

मग खोटं कशाला म्हणायचं? इथे मला न्यायसूत्रांवर भाष्य लिहिणाऱ्या वात्स्यायनांचा आधार मिळाला. ज्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा असा आप्त कोण, याच्या अटी ते सांगतात. त्याने ती वस्तू स्वतः जाणलेली असावी. आणि जशी जाणली तशीच इतरांना सांगण्याची त्याला इच्छा असावी. ही अट ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सगळ्यांना सारखीच लागू आहे, असंही ते म्हणतात. मला हे वाक्य फार मोलाचं वाटतं. विश्वासार्हता जन्मावर किंवा वेशावर अवलंबून नाही, ती पाहण्यातल्या आणि सांगण्यातल्या प्रामाणिकपणावर अवलंबून आहे.

माझा भाचा पुण्यात नोकरी करतो आणि अमावास्येच्या आसपास कॅमेरा घेऊन येतो. आधी तो कॅमेऱ्याच्या बैठकीचा अक्ष ध्रुवाकडे नेमका जुळवतो, मग तासन्‌तास एकाच दीर्घिकेचे दोन-दोन मिनिटांचे फोटो घेतो आणि संगणकावर एकावर एक रचतो. शेवटी तो लेन्सवर झाकण लावून तेवढ्याच वेळाचे फोटो काढतो. अंधाराचे फोटो कशाला, असं मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "मामा, सेन्सर गरम झाला की काही ठिपके आपोआप उमटतात. ते आकाशातून आलेले नसतात. झाकण लावलं की फक्त तेवढेच दिसतात, मग ते वजा करता येतात." वात्स्यायनांची दुसरी अट पाळणं म्हणजे काय, हे मला त्या झाकणात दिसलं. जे आपलं आहे ते ओळखून बाजूला काढायचं, म्हणजे उरेल ते त्या वस्तूचं.

याउलट, उत्तरेला तोंड करून टिपलेल्या एखाद्या गडाच्या दरवाजावर धनू राशीतला आकाशगंगेचा गाभा चिकटवलेले फोटो सध्या हौसेने पाहिले जातात. तो गाभा आपल्याकडून दक्षिणेलाच दिसतो. असा फोटो करणाऱ्याने ते दृश्य पाहिलेलंच नाही, म्हणून तो आप्त नव्हे. पण हबल दुर्बिणीचा १९९५चा गरुड तेजोमेघातल्या स्तंभांचा प्रसिद्ध फोटो घ्या. त्यात गंधकाच्या प्रकाशाला लाल, हायड्रोजनच्या प्रकाशाला हिरवा आणि प्राणवायूच्या प्रकाशाला निळा रंग दिला आहे. रंग नेमून दिलेले आहेत, आणि तसं सांगितलेलंही आहे. इथे आपली फसवणूक होत नाही. एका विशिष्ट पद्धतीने पाहायला आपल्याला शिकवलं जातं.

२०२३च्या वैशाख अमावास्येला, म्हणजे १९ मे रोजी, जपानमधले हौशी निरीक्षक कोइची इतागाकी यांना एम १०१ या दीर्घिकेत एक नवा ठिपका दिसला. ही दीर्घिकाही सप्तर्षींजवळच, वसिष्ठ आणि मरीचीच्या वरच्या अंगाला. सुमारे २ कोटी १० लाख प्रकाशवर्षं दूर असलेल्या एका ताऱ्याचा तो स्फोट होता. बातमी पसरताच जगभरच्या हौशी लोकांनी आदल्या रात्रीचे आपापले फोटो काढून तपासले. काहींच्या फोटोंत तो ठिपका इतागाकींच्या आधीच आलेला होता, त्यांच्या लक्षात आला नव्हता एवढंच. त्या जुन्या फोटोंवरून स्फोटाचे पहिले तास कसे गेले ते समजायला मदत झाली. माझ्या भाच्याने एप्रिलमधला आणि त्या आठवड्यातला असे दोन फोटो माझ्यासमोर शेजारी शेजारी ठेवले. मग मी स्वतः दुर्बिणीतून तो मंद ठिपका शोधला. एका अनोळखी माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवून मी त्या जागी पाहिलं, आणि तिथे तो होता.

वाईच्या प्राज्ञपाठशाळेत केवलानंद सरस्वतींनी 'मीमांसाकोश' रचला. आमच्या गावच्या भिक्षुकाला मीमांसकांचं मत घरचंच वाटतं: ज्ञान स्वतःच प्रमाण असतं, ते बाधित होईपर्यंत त्यावर शंका घेण्याचं कारण नाही. नैयायिक म्हणतात, ज्ञान खरं की खोटं ते त्यावर विसंबून केलेल्या कृतीच्या यशावरून ठरतं. पाणी समजून पुढे गेलात आणि तहान भागली तर ते पाणी. शतकानुशतकं या दोघांचा वाद चालला. एम १०१कडे पाहताना मला दोघांचीही गरज पडली. विश्वास ठेवला नसता तर मी दुर्बीण तिकडे वळवलीच नसती, आणि वळवून पाहिलं नसतं तर तो विश्वास ऐकीव राहिला असता. 'पाहते' हा संकल्प मीमांसकांच्या विश्वासाने करावा आणि नैयायिकांच्या चिकाटीने पुरा करावा, असं मी आता समजतो. फोटोलाही हेच लागू आहे. चांगला फोटो पाहणाऱ्याला तृप्त करून थांबवत नाही. तो त्याला जागा सांगतो, दिशा सांगतो, आणि बाहेर जायला लावतो.

म्हणूनच मला खरी चिंता वाटते ती उजेडाची. अरुंधती चौथ्या प्रतीची आहे. मोठ्या शहरांच्या मधल्या वस्त्यांत आज चांगली नजर असलेल्या तरुणालाही ती दिसत नाही. आयुर्वेदाच्या ग्रंथांत अरुंधती न दिसणं हे रोग्याचं अरिष्टलक्षण मानलं आहे. आता ते लक्षण अख्ख्या शहरांत दिसतं. जिथे तारे उरत नाहीत तिथे फोटोच आकाशाची जागा घेतो, आणि तो खरा की चिकटवलेला हे पडताळण्याचा मार्गच बंद होतो. पडताळता येत नाही अशा ठिकाणी श्रद्धा फार लवकर आंधळी होते, मग ती देवावरची असो की चित्रावरची. जानेवारी २०२४मध्ये आपल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला डार्क स्काय पार्कचा दर्जा मिळाला, याचा मला फार आनंद झाला. पण प्रत्येक वधूवरांनी पेंचला जावं असं सांगता येणार नाही. रस्त्यावरचे दिवे खाली वळवणं, मंदिराच्या शिखरावर रात्रभर प्रकाशझोत न सोडणं, लग्नाच्या कार्यालयाने रात्री दहानंतर आवारातला झगमगाट बंद करणं, या गोष्टी प्रत्येक गावाला जमण्यासारख्या आहेत. मी त्या यजमानांना आणि देवस्थानच्या विश्वस्तांना सांगतो, आणि त्या मला विधीबाहेरच्या वाटत नाहीत. 'पाहा' असं म्हणण्याचा अधिकार ज्याने घेतला, त्याने दिसेल एवढा अंधारही राखला पाहिजे.