सागरचित्र आणि गावचा प्रेक्षक
इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकावरील कॉर्नवॉल परगण्यात सेंट आइव्ह्स या मासेमारीच्या गावी 1877 साली आगगाडी पोहोचली, आणि पुढे तारलीच्या जातकुळीतील पिलचर्ड माशांचा धंदा जसजसा ओसरत गेला, तसतशी जाळी ठेवण्याची जुनी कोठारे चित्रकारांच्या कार्यशाळा बनत गेली. पोर्थमिओर किनाऱ्यावरील एका इमारतीत तर खाली कोळी आणि माडीवर चित्रकार, अशी वहिवाटच पडली.

लंडनच्या रॉयल अकॅडमीकडे चित्रे रवाना करण्यापूर्वी येथील चित्रकार एक दिवस आपल्या कार्यशाळा गावासाठी खुल्या ठेवीत, आणि या प्रथेला ‘शो डे’ म्हणत. शेजारच्या न्यूलिनला 1895 मध्ये स्वतंत्र कलादालनही मिळाले. सागरचित्राला, म्हणजे समुद्र, जहाजे आणि बंदर हाच ज्याचा विषय अशा चित्राला, येथे जो प्रेक्षक लाभला तो राजधानीत दुर्मीळ होता. शिडाचा फुगार वाऱ्याच्या दिशेशी जुळतो की नाही, ओहोटीत होडी कोणत्या कुशीवर कलंडते, हे त्याला पोटापाण्याच्या अनुभवाने ठाऊक होते. अशी जाणकारी म्हणजे रसिकता नव्हे, हा आक्षेप खरा असला तरी अपुरा आहे, कारण ढिसाळ निरीक्षण नुसत्या रंगांच्या झगमगाटाखाली लपवण्याची सोय तिच्यासमोर उरत नाही.

तथापि, ही कसोटी आल्फ्रेड वॉलिस (1855–1942) यांच्यापाशी अडते. पूर्वायुष्यात समुद्रावर राबलेल्या आणि नंतर जहाजांच्या भंगाराचा व्यापार केलेल्या या गृहस्थांनी पत्नीच्या निधनानंतर, सत्तरीच्या सुमारास, पुठ्ठ्याच्या वेड्यावाकड्या तुकड्यांवर होड्यांचाच रंग वापरून चित्रे काढण्यास आरंभ केला. यथादर्शन, म्हणजे दूरची वस्तू लहान आणि जवळची मोठी दाखवण्याची रीत, त्यांनी पाळली नाही. जे महत्त्वाचे तेच त्यांच्या चित्रात मोठे होते. 1928 मध्ये बेन निकोल्सन आणि क्रिस्टोफर वुड या बाहेरून आलेल्या चित्रकारांनी त्यांना हेरले, तरी वॉलिस यांचा अंत मॅड्रन गावच्या गरीबगृहातच (वर्कहाउसमध्ये) झाला.

समुद्राची माहिती आणि समुद्राचे हुबेहूब रूप या दोन गोष्टी एकच मानण्याची चूक स्थानिक दालने करतात, ती येथे उघडी पडते. इंजिनाच्या होड्या आल्यानंतरही अशा दालनांत शिडांची चित्रे लागत राहिली, कारण ग्राहक आता सुटीवर आलेला पाहुणा होता. वॉलिस यांनीही गेलेल्या काळातील गलबतेच रंगवली. फरक इतकाच, की त्या गलबतांची स्मृती त्यांची स्वतःची होती आणि पाहुण्याला विकल्या जाणाऱ्या चित्रांतील स्मृती बहुधा कोणाचीच नव्हती.