झोकले जाणे आणि झोकून देणे

मार्टिन हायडेगर या जर्मन तत्त्वज्ञाचा ‘झाइन उंट त्साइट’ हा ग्रंथ १९२७ सालचा. मराठीत त्याला ‘असणे आणि काळ’ म्हणता येईल. त्याचा १९६२ सालचा इंग्रजी अनुवाद मी निवृत्तीनंतर निपाणीत वाचायला घेतला. तीन-चार पाने झाली की डोके बधिर व्हायचे. मात्र एका शब्दापाशी मी थबकलो. ‘गेवोर्फेनहाइट’. ‘वेर्फेन’ म्हणजे फेकणे. माणूस आपले घर, भाषा, काळ निवडून जन्माला येत नाही. तो भानावर येतो तेव्हा त्यांत फेकला गेलेलाच असतो.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव-निपाणी म्हैसूर राज्यात गेले. त्या सुमारास जन्मलेल्या माझ्या पिढीला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही.

पण मराठीत त्याला काय म्हणावे? आई म्हणायची, ‘पदरी पडलं, पवित्र झालं.’ या म्हणीत स्वीकार आधीच होऊन गेला आहे. हायडेगरच्या शब्दात तो नाही. शिवाय त्याचा दुसरा शब्द ‘एंटवुर्फ’, म्हणजे पुढच्या शक्यतांकडे स्वतःला टाकणे, हाही त्याच धातूचा. म्हणून मला ‘झोकणे’ बरे वाटते. आपण झोकले जातो आणि आपणच कशात तरी झोकून देतो. मराठी ‘झोकून देण्या’तला त्याग मूळ शब्दात नाही हे कबूल, पण जोडी टिकते.

इथवर सारे सोयीचे होते. मग ७४ वे कलम आले. तिथे एकट्या माणसाचे भवितव्य लोकसमूहाच्या नियतीशी जोडलेले आहे. वाचताना ऊर भरून आला. आपलीच बाजू कोणी मांडतो आहे असे वाटले. आणि मग आठवले, १९३३ साली हाच माणूस फ्रायबुर्ग विद्यापीठाचा कुलगुरू झाला आणि नाझी पक्षात गेला.

ग्रंथ आणि ते कृत्य वेगळे मानावे, की कृत्याचे बीज ग्रंथातच शोधावे, यावर अभ्यासकांत दुमत आहे. मला वाटते, ग्रंथ टाकून देऊ नये. पण जिथे ऊर भरून येतो तिथे तो दोनदा वाचावा.

कारण त्याच दिवसांत मी मुलाशी अबोला धरला होता. त्याने नातवाला कानडी शाळेत घातले होते. ‘नोकरीला कानडी लागतं, बाबा,’ एवढेच तो म्हणाला. मी त्याला घरभेदी म्हणालो. सहा वर्षांच्या पोराच्या दप्तरात मी अख्ख्या समाजाची नियती कोंबत होतो.

सीमाप्रश्न खोटा नाही. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. मराठीत कागद मिळावेत ही मागणी न्याय्यच आहे. पण ती हक्काची मागणी आहे, नियतीची नव्हे. हक्क शेजारच्या कानडी अक्कांनाही असतो. त्याही माझ्यासारख्याच इथे झोकल्या गेल्या. नियती मात्र फक्त ‘आपल्या लोकांची’ असते. तिच्यात शेजाऱ्याला जागा नसते.

मुलाशी मी बोललो. शाळेचा निर्णय अजून पटलेला नाही. संध्याकाळी नातू वहीत आधी कानडी ‘अ’ काढतो, मग मी मराठी ‘अ’ गिरवून घेतो. परवा म्हणाला, ‘आजोबा, तुमचा अ उभा, माझा गोल.’ ते ‘माझा’ टोचले. पण पेन्सिल मी त्याच्याच हातात राहू दिली.