काळ्या रंगाची हौस

माझ्याकडे एक लाल गाडी आहे आणि मला ती काळी करायची आहे. चकचकीत काळी नको. मॅट हवी, शाळेतल्या फळ्यासारखी. घरात हे बोललो तेव्हा कारण असं दिलं, की बॉनेटवर आणि पुढच्या बंपरवर एक्स्प्रेसवेच्या खडीने टवके उडालेत, रंगकाम करावंच लागणार आहे, तर मग एकदाच काय ते करून टाकू. टवके खरे आहेत. पण ते लाल रंगानेही बुजतात, हे मला माहीत होतं आणि मी ते बोललो नाही. धंद्याने मी चार्टर्ड अकाउंटंट. एखाद्या अशिलाने खर्चाचं असं कारण सांगितलं असतं तर मी भुवया उंचावून व्हाउचर मागितलं असतं. स्वतःकडे मागायला इतका उशीर का लागला?

आधी गाडीबद्दल, कारण लबाडीची सुरुवात तिथूनच होते. फोर्ड मस्टँग जीटी. ही गाडी भारतात अधिकृतपणे आली २०१६ च्या जुलैमध्ये. पन्नासहून जास्त वर्षांच्या तिच्या इतिहासात उजव्या बाजूच्या स्टिअरिंगची मस्टँग कारखान्यातूनच बनून यायला लागली ती याच पिढीपासून. पाच लिटरचं व्ही-८ इंजिन, दोन दरवाजे, मागच्या सीटवर फार तर दप्तर बसेल. मी ती सेकंडहँड घेतली. हा ‘सेकंडहँड’ शब्द मी कुठे वापरतो आणि कुठे गाळतो याची कुणी नोंद ठेवली, तर माझ्याबद्दल त्याला बरंच कळेल. नातेवाइकांत, विशेषतः ज्यांना कधीतरी उसने पैसे द्यायला मी नकार दिलाय त्यांच्यात, तो पहिल्याच वाक्यात येतो. क्लबच्या पार्किंगमध्ये येत नाही.

आता काळ्या रंगाचं. ही इच्छा कधी झाली ते मला नेमकं आठवतं, आणि ते सांगायला लाज वाटते. आमच्या सोसायटीत तिशीतला एक मुलगा राहतो, स्वतःची कंपनी आहे, गाड्यांतलं त्याला कळतं. लिफ्टमध्ये भेटला तेव्हा कौतुकाने म्हणाला, “काका, तुमची रेड मस्टँग एकदम क्लासिक दिसते हां.” त्याच्या मनात काही वावगं नव्हतं. पण मी घरी येऊन मोबाइलवर मॅट काळ्या मस्टँगचे फोटो पाहत बसलो. म्हणजे एका मुलाने ‘काका’ म्हटलं म्हणून मी दोन-अडीच लाखांचं काम काढायला निघालो होतो? इतकं साधं असतं का माणसाचं मन? माझं तरी असावं.

मित्राला मात्र हे सांगितलं नाही. त्याला म्हणालो, “या वयात लाल भडक वाटतं रे. मॅट काळा कसा शांत.” शांत! रस्त्यावर शंभर गाड्या चमकत असताना एकच न चमकणारी गाडी गेली, तर माना कुणाकडे वळतील? हा रंग मोटारींच्या जगात प्रतिष्ठेचा झाला तोही काही साधेपणाची ओढ लागून नव्हे. २००७ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात लॅम्बोर्गिनीने रेव्हेंतोन दाखवली. मॅट हिरवट करड्या रंगाची, कडा लढाऊ विमानावरून घेतलेल्या, किंमत दहा लाख युरो, विक्रीसाठी फक्त वीस नग. लढाऊ विमानाला निस्तेज रंग देतात तो शत्रूला दिसू नये म्हणून. मी तोच रंग फर्ग्युसन रस्त्यावर सगळ्यांना दिसावा म्हणून देणार होतो.

त्याच्या कितीतरी आधी, १९४० आणि ५० च्या दशकांत, कॅलिफोर्नियातली पोरं जुन्या फोर्ड गाड्या घरीच कापून-जोडून पळवायची. कित्येकांची गाडी नुसत्या प्रायमरवर फिरायची, कारण वरच्या रंगाला पैसे उरलेले नसायचे. पुढे त्या अर्धवट कामाचीच फॅशन झाली आणि पैसेवाले मुद्दाम तसा रंग मारून घेऊ लागले. हे वाचलं तेव्हा मी हसलो. मग आठवलं, की फाटक्या जीन्ससाठी मी माझ्या मुलीला कधीकाळी केवढं लांबलचक सुनावलं होतं.

रंगाचं काम करणारे एक चाचा आहेत, हडपसरच्या पुढे त्यांचं वर्कशॉप. त्यांच्याकडे गेलो. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि मला गिऱ्हाईक म्हणून गमावण्याची पर्वा न करता सांगितलं, “साहेब, मॅटला नंतर पॉलिश नाही, बफिंग नाही. ओरखडा गेला तर तेवढाच बुजवता येत नाही, अख्खं पॅनेल मारावं लागतं. आणि रोज एकाच जागी फडकं घासलं ना, तर तिथे चमक येते.” यामागचं कारण साधं आहे. नेहमीच्या रंगावरचा क्लिअर कोट गुळगुळीत असतो, म्हणून प्रकाश आरशासारखा एका दिशेने परततो. त्यावर बारीक ओरखडा आला तर कॉम्पाउंड लावून वरचा पातळ थर घासायचा, पुन्हा गुळगुळीत. मॅटच्या क्लिअरमध्ये सिलिकासारखी बारीक पूड असते. तिच्यामुळे पृष्ठभाग डोळ्यांना दिसणार नाही इतपत खडबडीत राहतो आणि प्रकाश चहूकडे विखुरतो. तो खडबडीतपणा एकदा घासला गेला की गेला. मर्सिडीज, बीएमडब्ल्यू यांच्या काही गाड्या कारखान्यातूनच मॅट रंगात मिळतात. त्यांच्यासोबतच्या सूचनांत मेण लावू नका, ब्रशच्या मशीनमध्ये धुऊ नका, पक्ष्यांची विष्ठा लगेच साफ करा, असं सगळं असतं. आमच्या पार्किंगवर पिंपळाची फांदी आहे, आणि त्या फांदीवर कोण कोण बसतं ते वेगळं सांगायला नको.

चाचांचं ते फडक्याचं वाक्य डोक्यात राहिलं, आणि तिथून जे सुरू झालं ते मला फारसं सोसलं नाही.

सोसायटीत पहाटे एकजण गाड्या पुसायला येतो. एक बादली, दोन फडकी, तीसेक गाड्या. त्याचं नाव मला माहीत आहे, आडनाव माहीत नाही. महिन्याचे सहाशे रुपये देतो. पाचव्या-सहाव्या गाडीपर्यंत बादलीतलं पाणी मातकट होतं आणि त्याच पाण्याने पुढच्या गाड्या होतात. लाल चकचकीत रंगावर हे चालून जातं. पडलेल्या रेषा वर्षातून एकदा पॉलिशने निघतात. मॅट केली तर हे बंद. मग त्याला काय सांगायचं? ‘उद्यापासून हात लावू नकोस’? गाडीला हात न लावू देणं एवढंच ते असतं, असं मी स्वतःला समजावलं. पण हे वाक्य मी मोठ्याने म्हणून पाहिलं आणि ते कानांना बरं वाटलं नाही. दुसरा मार्ग म्हणजे त्याला वेगळा शाम्पू, मायक्रोफायबरची फडकी, दोन बादल्या आणून द्यायच्या, कसं करायचं ते शिकवायचं, आणि त्या जास्तीच्या वेळाचे पैसे द्यायचे.

इथे माझ्या डोक्यात जो हिशेब उमटला तो लिहितो. पुसणं बंद केलं तर महिन्याला सहाशे वाचतील, वर्षाचे सात हजार दोनशे. अडीच लाखांच्या खर्चाशेजारी मी हा आकडा बचत म्हणून मांडला. मांडला म्हणजे अगदी मनातल्या मनात, पण मांडला. आणि याच माणसाने दिवाळीत शंभर रुपये वाढवून मागितले होते तेव्हा मी “बघू” म्हणालो होतो. ते बघणं अजून झालेलं नव्हतं. हौसेला मोल नसतं म्हणतात. माझ्या हौसेला नव्हतं. त्याच्या शंभर रुपयांना मात्र होतं.

बाकीच्या हरकती मी चुटकीसरशी उडवल्या होत्या. आईने नाक मुरडलं. तिच्या लेखी काळं वस्त्र शोभतं ते संक्रांतीला, एरवी नाही, आणि दसऱ्याला झेंडूचा हार काळ्या गाडीवर काय दिसणार? मी म्हणालो, “आई, अख्खी गाडीच काळी तीट होईल, दृष्ट लागायचा प्रश्न मिटला.” ती हसली नाही. उन्हाचंही तसंच. कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेने २०११ मध्ये एकाच मॉडेलच्या काळ्या आणि चंदेरी गाड्या उन्हात तापवून मोजमापं प्रसिद्ध केली. काळीचा टप पंचवीस अंशांपर्यंत जास्त तापला, आतली हवा पाच-सहा अंशांनी. पुण्यातल्या एप्रिल-मेमध्ये हे काही सुखाचं नाही. पण एसी आहे की, असं म्हणून मी पुढे गेलो. आपल्याला हवं ते करायचंच असलं की दुसऱ्याचा मुद्दा ऐकून घेण्याची केवढी घाई होते!

मग मधला मार्ग सापडला: रॅप. मॅट काळी व्हिनाइलची फिल्म गाडीभर चिकटवायची, कंटाळा आला की काढून टाकायची, खाली मूळ लाल शाबूत. आधी वाटलं, हा शहाणपणा. नंतर शंका आली. माझ्या आयुष्यातले बरेच निर्णय मी या रॅपसारखेच घेतले आहेत. करायचं, पण काढता येईल असं. बोलायचं, पण ‘तसं म्हणायचं नव्हतं’ म्हणायला जागा ठेवून. शिवाय रंग मारा नाहीतर फिल्म चिकटवा, आरसीवर जो रंग नोंदलाय त्याहून गाडी वेगळी दिसायला लागली की आरटीओत जाऊन नोंद बदलून घ्यावी लागते. एजंट म्हणाला, “फिल्मला कोण बघतंय, साहेब?” दिवसभर लोकांना नियम पाळायला सांगणारा मी त्यावर गप्प बसलो. (एक गंमत: मॅटमध्ये लष्करी हिरवाही मला आवडला होता. पण केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे तो रंग फक्त संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी राखलेला आहे. तो नाद आपोआप सुटला.)

शेवटी ज्या गोष्टीने मला थांबवलं ती यातली कुठलीच नव्हती, हेही कबूल करायला हवं. सदसद्विवेकाने थांबवलं असतं तर बरं दिसलं असतं. थांबवलं एका फोटोने. २०१९ मध्ये बीएमडब्ल्यूने फ्रँकफर्टमध्येच एक एक्स-६ व्हँटाब्लॅकच्या जातीच्या लेपात रंगवून ठेवली होती. व्हँटाब्लॅक म्हणजे ब्रिटनमधल्या सरे नॅनोसिस्टम्सने २०१४ मध्ये आणलेला, पडलेला जवळजवळ सगळा प्रकाश गिळणारा काळा. मुंबईत जन्मलेले शिल्पकार अनिश कपूर यांनी २०१६ मध्ये त्याचे कलेपुरते एकाधिकार घेतले आणि बाकीचे कलावंत त्यांच्यावर भडकले. तर त्या फोटोत दिवे आहेत, काचा आहेत, पुढची जाळी आहे, आणि मध्ये गाडीच्या जागी भोक आहे. वळण नाही, खांदा नाही, फुगवटा नाही. माझा मॅट काही इतका काळा होणार नव्हता, तरी दिशा तीच होती. मोटारीचा आकार डोळ्यांना कळतो तो तिच्यावरून सरकणाऱ्या प्रकाशाच्या रेघेमुळे. डिझाइनर मातीचं मॉडेल घडवतात तेव्हाही त्यावर एक चकचकीत फिल्म ताणून बसवतात, ती रेघ कुठे तुटते ते पाहायला.

माझ्या गाडीच्या मागच्या चाकावर एक उंचवटा आहे. संध्याकाळी खडकवासल्याच्या बाजूने येताना आरशात तो दिसतो आणि त्यावरून उजेड वाहत जातो. ही गाडी मी घेतली ती त्या उंचवट्यासाठी. घेतली तेव्हा कुणाला दाखवायची नव्हती, किंवा निदान फक्त दाखवण्यासाठी नव्हती. मग मधल्या काळात काय झालं? माझं तिच्याकडे बघणं कमी होत गेलं आणि तिच्याकडे बघणाऱ्यांकडे बघणं वाढत गेलं, असं असेल का? मला वाटतं, असंच असावं. खात्रीने सांगवत नाही. कदाचित उद्या कुणीतरी पुन्हा ‘काका’ म्हणेल आणि मी पुन्हा फोटो शोधायला लागेन.

ज्यांना गाडी मॅट काळी करायची आहे त्यांनी जरूर करावी. ज्याला तो रंग मनापासून आवडतो, जो स्वतः बादली घेऊन ती धुतो आणि आरटीओत नोंदही करतो, त्याच्या गाडीकडे मी हेव्यानेच पाहीन. माझं मात्र कारणच खोटं निघालं, आणि खोट्या कारणाचा खर्च मी अशिलांनासुद्धा करू देत नाही.

गाडी पुसणाऱ्याचे शंभर रुपये वाढवले. ते इथे लिहितोय, म्हणजे तेही कुणीतरी पाहावं असं मला वाटतंच. त्यात दानत शोधू नका. त्याचं आडनावही विचारून घेतलं. बॉनेट आणि पुढचा बंपर चाचांकडे मूळच्या लाल रंगात मारायला दिलाय. खर्च मॅटच्या पाव हिश्शाहूनही कमी येतोय, आणि आरटीओत जायचं काम नाही.