आमच्या दावणीला गाय कवा आली?

११ तारीख होती. कोल्हापूरकडच्या एका गावात दुधाची दहा दिवसांची बिलं वाटायला सुरुवात झाली होती. आक्काताई संस्थेच्या खिडकीशी आल्या त्या हातात पावत्यांची चळत घेऊनच. सकाळ-संध्याकाळच्या मिळून वीस पावत्या. बिल त्यांनी दोनदा वाचलं आणि सचिवांना विचारलं, "आण्णा, आमच्या दावणीला गाय कवा आली?"

"का वं, आक्का?"

"ह्ये बघा की. सा दिस गाय म्हनतंय, पुढं चार दिस म्हैस. दोन म्हशी हैत माज्या. त्या काय मधनंच रूप पालटत्यात?"

सचिवांनी पावत्या चाळल्या. वीसच्या वीस पावत्यांवर 'म्हैस' छापलेलं होतं, बिलावर मात्र पहिले सहा दिवस 'गाय'. गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून ठरतो, म्हशीच्या दुधाचा ६ आणि ९ धरून. दोन्हींचे तक्ते वेगळे. आक्काताईंचं ६.८ फॅटचं दूध संगणकानं गाईच्या तक्त्यात शोधलं होतं. तिथं एवढी फॅट सापडेना, म्हणून शेवटच्या ओळीचा दर लावून तो मोकळा झाला होता.

पलीकडे गाईवाले बिलाची घडी घालून मुकाट्यानं घराकडे निघाले होते. त्यांना सहा दिवस म्हशीचा दर मिळाला होता. आपल्या गोठ्यात म्हैस कुठून आली, असं त्यांच्यातल्या एकानंही विचारलं नाही.

दुपारपर्यंत आणखी बऱ्याच संस्थांतून दूध संघाकडे तसेच फोन गेले आणि संघाचा फोन पुण्यातल्या सॉफ्टवेअर कंपनीत गेला.

हे सॉफ्टवेअर ओंकारनं लिहिलं होतं आणि मन लावून लिहिलं होतं. जावात लिहिणाऱ्यांना ठाऊक असतं की प्रोग्राममधला ऑब्जेक्ट आणि डेटाबेसमधलं टेबल यांची जातकुळी वेगळी. ऑब्जेक्ट दुसऱ्या ऑब्जेक्टला थेट ओळखतो. टेबलात नुसत्या ओळी आणि कॉलम. दोघांचं जमवून देण्यासाठी २००१ साली गॅव्हिन किंगनं हायबरनेट सुरू केलं आणि २००६ मध्ये त्याच वळणावर जेपीए हे जावाचं मानक आलं. आता क्लासमधल्या ॲट्रिब्यूटवर एखादी ओळ लिहिली की ते कुठल्या कॉलमात कसं जायचं हे ठरतं, आणि एसक्यूएल हायबरनेट स्वतःच लिहितो.

ओंकारच्या 'दूधनोंद' क्लासमध्ये तारीख, वेळ, उत्पादक, लिटर, फॅट, एसएनएफ, दर आणि दुधाचा प्रकार एवढी ॲट्रिब्यूट होती. लिटर आणि दर त्यानं 'डबल'मध्ये ठेवले नव्हते, कारण ०.१ सारखा साधा अपूर्णांकही बायनरीत नेमका बसत नाही आणि हजारो नोंदींच्या बेरजेत पैशांचा फरक पडू लागतो. त्यानं 'बिगडेसिमल' घेतला आणि कॉलमला दशांशाची घरं नेमून दिली. उत्पादकाशी असलेलं नातं जेपीए आपणहून लगेच भरून आणतं, ते त्यानं 'लेझी' केलं. नाहीतर एका यादीपायी डेटाबेसवर शेकडो क्वेऱ्या सुटतात, हे त्यानं आधीच्या एका कामात भोगलं होतं. नोंद कधी झाली आणि शेवटची कधी बदलली, याचेही कॉलम त्यानं न सांगता घातले होते. कंपनीत नव्या पोरांना हा क्लास नमुना म्हणून दाखवत.

राहिला प्रकार. तो एक एनम होता, दोन शब्दांची यादी: काऊ, बफेलो. इतकं सोपं ॲट्रिब्यूट की ओंकारनं त्यावर काहीच लिहिलं नाही, आणि काही न लिहिताही ते चाललं.

चाललं, कारण आपण काही सांगितलं नाही तर काय करायचं हे जेपीएनं ठरवून ठेवलेलं आहे. एनमचं नाव साठवायचं नाही, यादीतला त्याचा क्रमांक, म्हणजे ऑर्डिनल, साठवायचा. आणि मोजणी शून्यापासून. म्हणून काऊ म्हणजे ०, बफेलो म्हणजे १. टेबलात वर्षानुवर्षं शून्य आणि एक साठत गेले. संघात हिशेब विभागातले एक गृहस्थ दर महिन्याला थेट डेटाबेसमधून अहवाल काढायचे. जावाशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. त्यांनी कधीतरी ओंकारला फोनवर विचारून आपल्या मॉनिटरच्या कडेला सेलोटेपनं एक चिठ्ठी चिकटवली होती: '० गाय, १ म्हैस'. साऱ्या व्यवस्थेत त्या आकड्यांचा अर्थ अक्षरांत लिहिलेली तेवढी एकच जागा होती.

मग संघानं मिश्र दुधाची वेगळी नोंद ठेवायची सोय मागितली. काम गेलं श्रुतीकडे. ती कंपनीत नवी, पण हात नीटनेटका. तिनं यादीत 'मिक्स्ड' घातला, आणि फाईल उघडलीच आहे तर तिन्ही नावं इंग्रजी अक्षरक्रमानं लावली: बफेलो, काऊ, मिक्स्ड. बदल तपासायला ओंकारकडे आला. त्यानं पाहिला, शाबासकी दिली आणि पुढे पाठवला. चाचण्या सगळ्या हिरव्या झाल्या. न होऊन सांगतात कोणाला! चाचण्यांसाठी दर वेळी नवा, रिकामा डेटाबेस उभा राहतो. नव्या क्रमानं लिहायचं आणि नव्याच क्रमानं वाचायचं, यात चुकणार काय? जुनी एक ओळ जरी तिथे असती तरी बिंग फुटलं असतं. ६ तारखेच्या रात्री नवी आवृत्ती सर्व्हरवर चढली. टेबलातला एकही आकडा हलला नाही, पण त्या क्षणी हजारो गाईंच्या म्हशी झाल्या आणि म्हशींच्या गाई. डेटाबेसनं हूं की चूं केलं नाही. त्याच्या दृष्टीनं शून्यही पूर्णांक, एकही पूर्णांक.

मीटिंग बसली तेव्हा ओंकारचा पहिला प्रश्न श्रुतीला होता. "क्रम कशाला बदललास?"

श्रुती खाली मान घालून बसली. उत्तर त्यांच्या वरिष्ठ मेधा मॅडमनी दिलं, तेही प्रश्नच विचारून. "क्रम बदलायचा नसतो, हे तिला कुठे वाचायला मिळालं असतं?"

"मॅडम, ऑर्डिनलवर साठवतोय आपण. एवढं कळायला पाहिजे."

"कुठे लिहिलंय ऑर्डिनल?"

ओंकारनं फाईल उघडली आणि पडद्यावर सगळ्यांना दाखवली. लिटरवर दोन ओळी होत्या, उत्पादकावर तीन. प्रकारावर कोरी जागा.

तो मग म्हणाला, "क्रम परत पहिल्यासारखा करतो, आणि वर ठळक कॉमेंट टाकतो की बदलू नका."

"आणि ७ तारखेपासून आजपर्यंत जे लिहिलं गेलं त्याचं काय?"

इथे सगळे गप्प झाले, कारण खरी पंचाईत इथेच होती. ७ च्या सकाळपासूनच्या नोंदी नव्या क्रमानं गेल्या होत्या. एकाच कॉलमात शून्याचा अर्थ ६ च्या रात्रीपर्यंत गाय आणि पुढे म्हैस. तारखेवरून वेगळं करावं म्हटलं, तर काही चौकस सचिवांनी ७ तारखेलाच मागच्या नोंदींत 'गाय'ऐवजी 'म्हैस' दिसतंय हे पाहिलं होतं आणि आपल्याच पोरानं चुकीचं बटण दाबलं असेल म्हणून त्याला झापून नोंदी हातानं दुरुस्त केल्या होत्या. म्हणजे तारीख जुनी, आकड्याचा अर्थ नवा. 'शेवटचा बदल'वरून निवडाव्यात, तर काहींनी जुन्या नोंदीतलं नुसतं लिटर दुरुस्त केलं होतं. तिथे बदलाची वेळ नवी, पण प्रकाराचा आकडा जुनाच. अशा ओळी कुठल्याही क्वेरीला निवडता येईनात. शेवटी ओंकार आणि श्रुती दोघं संघात जाऊन बसले, गावोगावच्या संस्थांतून पावत्यांच्या दुय्यम प्रती मागवल्या आणि एकेक ओळ ताडून पाहिली. ज्यांच्याकडे प्रती नव्हत्या तिथे आक्काताईंसारख्या बायकांनी जपून ठेवलेल्या पावत्या कामाला आल्या.

एडगर कॉड या आयबीएममधल्या गणितज्ञानं १९७० मध्ये रिलेशनल डेटाबेसची कल्पना मांडणारा निबंध लिहिला. तेव्हाच्या पद्धतींमध्ये कोणती अवलंबित्वं काढून टाकायला हवीत, हे सांगताना त्यानं पहिलं नाव घेतलं ते क्रमावरच्या अवलंबित्वाचं. माहिती कुठल्या क्रमानं ठेवली आहे यावर प्रोग्राम विसंबला, तर क्रम बदलताच तो कोलमडतो, अशी त्याची तक्रार होती. डेटाबेसनं ते खूळ पुढच्या दारानं घालवलं आणि छत्तीस वर्षांनी जेपीएनं ते मागच्या दारानं आत घेतलं. एनमसाठी क्रमांक हा आपोआप लागू होणारा नियम करायला नको होता, असं माझं स्पष्ट मत आहे. जागा थोडी वाचते, हे खरं; पण त्या वाचलेल्या बाइट्सच्या बदल्यात क्लासमधल्या शब्दांचा क्रम कायमचा गोठवावा लागतो, आणि तो गोठलाय हे तिथे कुठेच दिसत नाही.

मेधा मॅडमनी नाव साठवायचा पर्यायही लगेच उचलला नाही. 'एनमटाइप स्ट्रिंग' लिहिलं की कॉलमात 'काऊ', 'बफेलो' असे शब्द जातात; वाचणाऱ्याला कळतात, क्रम कसाही बदला. पण उद्या कुणी 'बफेलो'चं नाव बदललं की जुन्या ओळी वाचताना प्रोग्राम थांबतो. तसा तो थांबणं चुकीचं बिल छापण्यापेक्षा केव्हाही बरं, हेही त्या म्हणाल्या. अखेर ठरलं ते असं: प्रत्येक प्रकाराला स्वतःचं कायमचं एक अक्षर, सी, बी आणि एम. ते एनमच्या आतच लिहायचं. ने-आण करायला कन्व्हर्टर, ज्याची सोय जेपीएत २०१३ पासून आहे. डेटाबेसमध्ये 'दूधप्रकार' नावाचं तीन ओळींचं छोटं टेबल आणि त्याकडे बोट दाखवणारी फॉरेन की, म्हणजे चौथं अक्षर डेटाबेसच नाकारेल. चाचण्यांत एक भर पडली: जुन्या डेटाची एक प्रत लावायची आणि ती नव्या कोडनं वाचून पाहायची. ही चाचणी श्रुतीनं लिहिली.

हिशेब विभागातल्या गृहस्थांनी नवं टेबल पाहिलं, आपल्या अहवालात ते जोडून घेतलं आणि मॉनिटरवरची चिठ्ठी काढून टाकली.

आक्काताईंना फरकाची रक्कम पुढच्या बिलात मिळाली. गाईवाल्यांकडे गेलेले जादा पैसे संघानं तीन हप्त्यांत कापून घेतले, आणि त्याबद्दल मात्र तक्रारींचा पाऊस पडला.

तुम्ही जावात काम करत असाल तर उद्या ऑफिसात गेल्यावर चहाच्या आधी एक करा. एनमच्या प्रत्येक ॲट्रिब्यूटवर काय लिहिलंय ते बघा. जिथे कोरी जागा दिसेल तिथलं टेबल उघडा आणि क्लास न उघडता शेजारच्याला त्या आकड्यांचा अर्थ विचारा. त्याला सांगता आला नाही, तर तो कॉलम आधी बदलून घ्या. यादीत नवं नाव त्यानंतर घाला.