मुक्या जिवांचे ऋण

रोज सकाळी न्याहारीपूर्वी मी आईला इन्सुलिनचे इंजेक्शन देतो. सुई टोचण्याआधी ती क्रुसाची खूण करते. परमेश्वराचे आभार मानते, डॉक्टरांसाठी प्रार्थना करते. ज्यांच्यामुळे हे औषध मानवाच्या हाती आले, त्या कुत्र्यांची आठवण मात्र आमच्या घरात कधी निघाली नव्हती.

1889 साली स्ट्रासबर्ग येथे ऑस्कर मिंकोव्स्की व योझेफ फॉन मेरिंग यांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड शस्त्रक्रियेने काढून टाकले. त्या कुत्र्याला मधुमेह जडला आणि या रोगाचा स्वादुपिंडाशी असलेला संबंध सिद्ध झाला. 1921 साली टोरांटो विद्यापीठात फ्रेडरिक बँटिंग व चार्ल्स बेस्ट यांनी स्वादुपिंड काढलेल्या कुत्र्यांना त्याच ग्रंथीचा अर्क टोचला, तेव्हा त्यांच्या रक्तातील साखर उतरली. मार्जोरी नावाची कुत्री या अर्कावर कित्येक आठवडे जगली. जानेवारी 1922 मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या मुलाला हे औषध देण्यात आले. तोवर अशा मुलांना अर्धपोटी ठेवून त्यांचा मृत्यू लांबवणे, एवढेच वैद्यांच्या हाती होते.

आपण मांसाहार करतो. मग येथेच मन का अडखळते? कारण येथे धडधाकट जिवाला जाणूनबुजून रोगी केले जाते. शिवाय एक विसंगतीही आहे. कुत्र्याचे शरीर आपल्या शरीरासारखे चालते, म्हणून प्रयोग उपयोगी ठरतो. कुत्रा आपल्यासारखा नाही, म्हणून प्रयोग क्षम्य ठरतो. ज्या साम्यामुळे तो आपल्या उपयोगी पडतो, त्याच साम्यामुळे त्याच्या वेदनाही आपल्या वेदनांच्या जवळ येतात.

मानव परमेश्वराच्या प्रतिमेत घडला आहे, ही आपली श्रद्धा. लिओनार्डचा जीव आणि मार्जोरीचा जीव एकाच तागडीत तोलावेत, असे मी म्हणणार नाही. परंतु जलप्रलयानंतर परमेश्वराने केलेला करार नोहाबरोबरच सर्व सजीवांशीही होता, हे उत्पत्तीच्या पुस्तकात नमूद आहे. 1992 साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक चर्चच्या धर्मशिक्षणग्रंथानेही मानवी प्राण वाचवण्यासाठी अशा प्रयोगांना योग्य मर्यादेतच मान्यता दिली आहे, आणि प्राण्यांना विनाकारण यातना देणे मानवी प्रतिष्ठेला विसंगत मानले आहे.

विनाकारण म्हणजे काय, हे मात्र प्रत्येक वेळी तपासावे लागते. लिओनार्डला दिलेला पहिला अर्क अशुद्ध होता. त्याचा फारसा उपयोग झाला नाही. जेम्स कॉलिप यांनी तो शुद्ध केल्यावरच गुण आला. प्रौढ वयात जडणाऱ्या मधुमेहात बहुधा इन्सुलिन असूनही शरीर त्याला दाद देत नाही. स्वादुपिंड काढलेला कुत्रा हे कोडे उलगडू शकत नाही. म्हणून आपल्या प्रश्नाचे उत्तर या प्राण्याकडे आहे काय, हे आधी विचारले पाहिजे. नसेल, तर त्याच्या यातना व्यर्थ होत. 1959 साली रसेल व बर्च या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी तीन नियम सांगितले: शक्य तेथे प्राण्यांऐवजी दुसरा मार्ग शोधावा, त्यांची संख्या कमी करावी आणि त्यांचा त्रास कमी करावा.

हे नियम केवळ स्वप्न नव्हेत, याची साक्ष इन्सुलिनच देते. कित्येक दशके ते गुरांच्या व डुकरांच्या स्वादुपिंडापासून मिळवले जाई. 1982 पासून जिवाणूंकरवी बनवलेले मानवी इन्सुलिन बाजारात आले. ज्ञान प्राण्यांकडून घेते, तसे त्यांची सुटकाही करू शकते.

परवा आईला मी मार्जोरीची हकिकत सांगितली. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तिला कुणी विचारलं नसेल, नाही का?"

मला तोच या प्रश्नाचा गाभा वाटतो. रुग्णाची संमती घेता येते. मुक्या जिवाची घेता येत नाही. जेथे समोरचा नकार देऊ शकत नाही, तेथे आपली जबाबदारी अधिक कठोर होते. आईचे औषध मी थांबवणार नाही. मात्र ते फुकट मिळालेले नाही, हे आता सुई हाती घेताना मला विसरता येत नाही.